दादाच्या बायोप्सी रिपोर्टमधल्या प्रथिनांवरून पुढचं काही सांगता येतं का?

रसायनवर्ग :

माझ्या मोठ्या भावाचा रिपोर्ट समोर ठेवून लिहितेय. वय ३६. फिट आली म्हणून एमआरआय केला, डाव्या फ्रंटल लोबमध्ये गाठ निघाली, ऑपरेशन झालं. दिसत होती ती जवळजवळ सगळी काढली असं सर्जन म्हणाले. बायोप्सीत ‘ॲस्ट्रोसायटोमा, आयडीएच-म्यूटंट, ग्रेड ३’ आलंय. त्याखाली इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या, म्हणजे अँटिबॉडी वापरून प्रथिनं रंगवून बघण्याच्या तपासणीच्या, चार ओळी आहेत. आयडीएच१ आर१३२एच पॉझिटिव्ह. एटीआरएक्स, केंद्रकातलं स्टेनिंग नाहीसं. पी५३ ठळक पॉझिटिव्ह. केआय-६७ १२ टक्के.

तोच ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आम्ही दुसऱ्या लॅबला सेकंड ओपिनियनसाठी पाठवला. निदान तेच, पहिल्या तीन ओळी त्याच, पण केआय-६७ मात्र ६ टक्के. आता घरात सगळ्यांचं लक्ष त्या एका आकड्यावर. बारा म्हणजे वाईट, सहा म्हणजे बरं, असं धरून बाबांची झोप उडालीय आणि वहिनी पहिला रिपोर्ट हातात घ्यायलाच तयार नाही. दादा स्वतः शांत आहे. पण परवा मी एकटी असताना त्याने विचारलं, ‘यातल्या कुठल्या ओळीवर माझं पुढचं ठरणार आहे?’ मला उत्तर देता आलं नाही.

ऑन्कोलॉजिस्टची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. तिथे नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून इथे विचारतेय. दोन आकड्यांपैकी खरा कुठला? या चार प्रथिनांपैकी पुढची वाटचाल खरोखर कोण सांगतं? एमजीएमटी नावाची तपासणी आमच्या रिपोर्टमध्ये नाही. एक नातेवाईक म्हणतात की तेही प्रथिनच आहे, त्याच ब्लॉकवर स्टेन करून घ्या. ते बरोबर आहे का? आणि रक्तातल्या प्रथिनांवरून ब्रेन ट्यूमरचा अंदाज बांधण्याबद्दल बरंच वाचायला मिळतं, त्यात तथ्य किती?

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. एन्झाइम, मेथिलेशन म्हटलं की कळतं. त्यामुळे सोपं करून सांगण्याच्या नादात काही गाळू नका, ही विनंती.


काचपट्टी :

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रोजचं काम मेंदूच्या गाठींच्या स्लाइड बघण्याचं. तुमच्या दादांची स्लाइड मी पाहिलेली नाही, त्यामुळे त्यांच्यापुरतं जे ठरायचं ते त्यांच्या डॉक्टरांपुढेच ठरेल. पण रिपोर्टमधल्या ओळी कशा वाचायच्या ते सांगतो. तुमच्या घरचे सगळ्यात कमी भरवशाच्या ओळीपाशी अडकलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली ओळ पुन्हा वाचा. आयडीएच१ आर१३२एच पॉझिटिव्ह. त्या पानावरची सगळ्यात मोलाची माहिती तीच, आणि ती तुमच्या बाजूची आहे.

आयसोसायट्रेटपासून अल्फा-कीटोग्लुटारेट बनवणारं हे एन्झाइम. त्याच्या साखळीत १३२ व्या जागी आर्जिनिन असतं. दादांच्या गाठीत तिथे हिस्टिडिन आलंय. एवढ्या एका अमिनो आम्लाने एन्झाइमचं काम बदलतं. ते अल्फा-कीटोग्लुटारेटचंच २-हायड्रॉक्सीग्लुटारेट करू लागतं. हा पदार्थ पेशीत साठत जातो, डीएनए आणि हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) यांच्यावरचे मेथिल गट काढणाऱ्या एन्झाइमांना अडवतो, आणि जनुकांवर मेथिलेशन वाढत जातं. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या सगळ्यात आक्रमक, ग्रेड ४ गाठीच्या जनुकांची छाननी चालू असताना २००८ मध्ये हा बदल पहिल्यांदा हाती लागला. त्यानंतर लवकरच नेमकं हे बदललेलं प्रथिनच ओळखणारी अँटिबॉडी तयार झाली. निरोगी एन्झाइमला ती चिकटत नाही. सबंध साखळीत एका अमिनो आम्लाचा फरक, आणि स्लाइडवर तो तपकिरी रंगात उघड दिसतो. चांगल्या मेंदूत शिरलेली एकटीदुकटी पेशीसुद्धा त्यात सापडते. इतकी वर्षं बघतोय, तरी या स्टेनचं मला अप्रूप आहे.

वाटचालीशी याचा संबंध २००९ मध्येच दिसला. तेव्हा ज्याला ॲनाप्लास्टिक ॲस्ट्रोसायटोमा म्हणत, म्हणजे साधारण आजचा ग्रेड ३, त्यात आयडीएच बदल असलेल्या रुग्णांचं मध्यक आयुर्मान ६५ महिने निघालं आणि बदल नसलेल्यांचं २० महिने. पुढच्या वर्षी एका जर्मन गटाने त्याहून धक्कादायक गोष्ट दाखवली. बदल नसलेले ग्रेड ३ चे रुग्ण, बदल असलेल्या ग्रेड ४ च्या रुग्णांपेक्षाही कमी जगत होते. आम्ही पिढ्यानपिढ्या मायक्रोस्कोपखाली गाठींची जी उतरंड लावत आलो, तिच्यातला क्रम एका प्रथिनाने उलटा केला. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात आयडीएच बदल असलेल्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणतच नाहीत, ती ग्रेड ४ असली तरी.

६५ हा आकडा घरी सांगाल तेव्हा त्याचा अर्थही सांगा. निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, काही कितीतरी जास्त. ती शेवटची तारीख नव्हे. शिवाय ते रुग्ण त्या काळच्या उपचारांवरचे, आणि उपचार तिथेच थांबलेले नाहीत.

एटीआरएक्स आणि पी५३ यांचं काम इथे ओळख पटवण्याचं आहे. आयडीएच बदल आहे आणि केंद्रकातलं एटीआरएक्स गेलंय, तर गाठ ॲस्ट्रोसायटोमा. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा ही आयडीएच बदलाचीच दुसरी गाठ नाही हे त्यातच ठरतं आणि १पी/१९क्यू ची (पहिल्या आणि एकोणिसाव्या गुणसूत्राचे ठरावीक भाग गळलेत का याची) वेगळी तपासणी बहुधा लागत नाही. हा स्टेन वाचताना आम्ही आधी रक्तवाहिन्यांच्या पेशी बघतो. त्यांची केंद्रकं रंगलेली असायलाच हवीत. तीही कोरी असतील तर प्रथिन गेलेलं नसतं, स्टेन फसलेला असतो. फॉर्मलिनमध्ये नीट न मुरलेल्या किंवा ऑपरेशनच्या वेळी कॉटरीने भाजलेल्या तुकड्यात हे होतं. तुमच्या दोन्ही लॅबना एकच उत्तर मिळालंय, ही चांगली खूण.

आता तुमचा दुसरा प्रश्न. यातलं जवळजवळ प्रत्येक प्रथिन मुळात आजार कुठला ते सांगतं, आणि वाटचालीचा अंदाज त्या नावामागोमाग येतो. मेंदूच्या मध्यरेषेवरच्या गाठीत एच३ के२७एम हे बदललेलं हिस्टोन दिसलं, तर मायक्रोस्कोपखाली गाठ कितीही सौम्य दिसो, ती ग्रेड ४ धरतात. लहान मुलांच्या मेंदूच्या मागच्या भागातल्या एपेंडिमोमात हिस्टोनवरची के२७ ची तिहेरी मेथिल खूण नाहीशी झाली असेल, तर तो ‘अ’ गट, वाटचाल अवघड. खूण शाबूत असेल तर ‘ब’ गट, वाटचाल बरीच बरी. दोन्ही गाठी नुसत्या डोळ्याला सारख्याच वाटू शकतात.

राहिला केआय-६७. विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींच्या केंद्रकात हे प्रथिन असतं, विसावलेल्या पेशीत नसतं. कल्पना सरळ आहे, मोजणं सरळ नाही. गाठ सगळीकडे सारख्या वेगाने वाढत नसते. एकाने सगळ्यात दाट रंगलेला भाग निवडून पेशी मोजल्या, दुसऱ्याने पूर्ण तुकड्याची सरासरी धरली, तर एकाच ब्लॉकवर दुप्पट फरक सहज पडतो. रक्तवाहिन्यांच्या आणि मायक्रोग्लिया, लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पेशीही रंगतात आणि घाईत त्या गाठीच्या म्हणून मोजल्या जातात. ब्लॉकमधून पुढचा काप घेतला की तोही थोडा वेगळा असतो. १२ आणि ६ या दोन्ही आकड्यांमागे प्रामाणिक मोजणी असू शकते. आणि मुद्द्याची गोष्ट: आयडीएच-म्यूटंट ॲस्ट्रोसायटोमाचा ग्रेड ठरवताना २०२१ चं वर्गीकरण केआय-६७ ची कुठलीही रेघ आखत नाही. आकडा ५० आला असता तर मीही थबकलो असतो. बारा आणि सहा यांवरून बाबांनी झोप घालवू नये, हे त्यांना माझ्याकडून सांगा.

त्याऐवजी रिपोर्टमध्ये एक गोष्ट शोधा: सीडीकेएन२ए/बी. ही जनुकं नवव्या गुणसूत्रावर असतात आणि पेशीच्या विभाजनाला लगाम घालतात. दोन्ही प्रती गळून पडल्या असतील, म्हणजे होमोझायगस डिलीशन असेल, तर गाठ ग्रेड ४ धरली जाते, नेक्रोसिस (मेलेला भाग) किंवा रक्तवाहिन्यांची बेसुमार वाढ दिसत नसली तरीही. म्हणजे ही तपासणी झाल्याशिवाय ‘ग्रेड ३’ हा शब्द पक्का म्हणता येत नाही. प्रथिनांचा इथेही उपयोग होतो. त्या जनुकांना अगदी लागून एमटीएपीचं जनुक आहे आणि बहुतेकदा दोन्ही एकदमच गळतात. एमटीएपीचा स्टेन त्याच ब्लॉकवर होतो. तो गेलेला दिसला तर फिश (चमकत्या खुणा लावून जनुकाच्या प्रती मोजण्याची तपासणी) किंवा सीक्वेन्सिंगने खात्री करून घेतात. पी१६ चा, म्हणजे सीडीकेएन२ए पासून बनणाऱ्या प्रथिनाचा, स्टेनही काही ठिकाणी वापरतात, पण त्यावर माझा एवढा विश्वास नाही.

एमजीएमटीबद्दल तुमचे नातेवाईक अर्धे बरोबर आहेत. ते प्रथिन आहेच. टेमोझोलोमाइड हे औषध डीएनएतल्या ग्वानिनच्या ओ६ जागेवर मेथिल गट बसवतं, एमजीएमटी तो गट स्वतःवर ओढून घेतं आणि त्यातच निकामी होतं. गाठीत हे प्रथिन नसेल तर औषध चालतं, असेल तर दुरुस्ती होत राहते. मग प्रथिनच स्टेन करून बघावं, हा विचार तर्काला धरून आहे. तो खूप जणांनी करून पाहिला आणि तो टिकला नाही. ग्लायोब्लास्टोमाच्या तुकड्यात गाठीच्या पेशींबरोबर लिम्फोसाइट, मायक्रोग्लिया, रक्तवाहिन्या असतात आणि त्यांच्यात एमजीएमटी असतंच. रंग दिसतो, पण तो कुणाचा हे दर वेळी सांगता येत नाही, आणि दोन पॅथॉलॉजिस्टांचं एकमत होत नाही. म्हणून जनुकाच्या प्रमोटरवरचं, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या भागावरचं, मेथिलेशन डीएनएमध्ये तपासतात; ते असेल तर जनुक बंद पडतं आणि प्रथिन बनत नाही. २००५ मध्ये २०६ रुग्णांवर ते दाखवलं गेलं: किरणोपचारांबरोबर टेमोझोलोमाइड घेतलेल्यांत मेथिलेशन असताना मध्यक आयुर्मान २१.७ महिने, नसताना साडेबाराच्या आसपास. तो अभ्यास ग्लायोब्लास्टोमाचा होता. आयडीएच बदल असलेल्या गाठीत सगळीकडेच मेथिलेशन वाढलेलं असल्याने एमजीएमटीचा प्रमोटरही बहुधा मेथिलेटेडच निघतो, त्यामुळे दादांच्या बाबतीत त्या तपासणीवर फार काही अडलेलं नाही. स्टेन तर करूच नका, ब्लॉकमधला तुकडा वाया जाईल.


चिऊची_आई :

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलीला मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे मुख्यतः लहान मुलांत होणारी मेंदूच्या मागच्या भागातली गाठ, होता, म्हणून लिहावंसं वाटलं.

तिच्या रिपोर्टमध्ये ‘बीटा-कॅटेनिन केंद्रकात पॉझिटिव्ह’ असं होतं. पॉझिटिव्ह हा शब्द वाचून आम्ही दोघं हादरलो होतो. मग डॉक्टरांनी बसवून सांगितलं की हे प्रथिन एरवी पेशीच्या कडेला असतं, ते केंद्रकात शिरलेलं दिसलं तर गाठ डब्ल्यूएनटी गटातली असण्याची दाट शक्यता, आणि मुलांमध्ये मेड्युलोब्लास्टोमाच्या चार गटांतला तो सगळ्यात चांगल्या वाटचालीचा. उपचार पूर्ण झाले तर पाच वर्षांनंतर ९५ टक्क्यांहून जास्त मुलं हयात असतात. स्टेनवर न थांबता त्यांनी सीटीएनएनबी१ जनुकाचं सीक्वेन्सिंगही करून घेतलं.

मी लगेच विचारलं, मग किरणोपचार टाळता येतील का? ते ठामपणे नाही म्हणाले. किरणोपचार पूर्ण वगळून पाहणारा एक छोटा अभ्यास आजार परत आल्यामुळे थांबवावा लागला होता. डोस कमी करता येतो का याचे अभ्यास वेगळे चालू आहेत. चांगली वाटचाल सांगणारं प्रथिन मिळालं म्हणून उपचार कमी करता येतातच असं नाही, हे मला तेव्हा कळलं. चिऊ आता सायकल चालवते. तुमच्या दादांना खूप शुभेच्छा.


आकडेमोड :

मी बायोस्टॅटिस्टिक्समध्ये आहे आणि कर्करोगाच्या मार्करवरचे शोधनिबंध तपासणं माझ्या कामाचा भाग आहे. रक्ताच्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण या विषयात आशा विकली जाताना बघून मला फार त्रास होतो.

मेंदूच्या ग्लिओमासाठी (ॲस्ट्रोसायटोमा, ग्लायोब्लास्टोमा यांचा गट) रक्तातली जी प्रथिनं सगळ्यात जास्त अभ्यासली गेलीत त्यातलं एक जीएफएपी. मेंदूतल्या चेतापेशींना आधार देणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशींचा सांगाडा त्याचा असतो, त्यामुळे ग्लायोब्लास्टोमात ते रक्तात वाढलेलं सापडतं. पण ॲस्ट्रोसाइटला कशानेही इजा झाली की ते वाढतं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी जी रक्ततपासणी मान्य केली, तिच्यात हेच जीएफएपी यूसीएच-एल१ या चेतापेशींतल्या प्रथिनाबरोबर मोजतात. ज्याचं नुकतंच मेंदूचं ऑपरेशन झालंय त्याच्या रक्तात ते वाढलेलं दिसलं, तर त्यातून गाठीबद्दल काय समजणार? वायकेएल-४० या दुसऱ्या प्रथिनाबद्दलही असंच. जास्त पातळी असलेले रुग्ण गटाने पाहता कमी जगतात असं दिसलंय, पण ते प्रथिन सूज, यकृताचे आजार अशा कितीतरी कारणांनी वाढतं. एका माणसाबद्दल निर्णय घ्यावा इतका भरवसा त्यावर नाही. रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर आहेच, गाठीतलं प्रथिन रक्तात फार थोडं उतरतं.

अपवाद आहेत, आणि ते सांगायला हवेत. मेंदूतल्या जर्म सेल ट्यूमरमध्ये एएफपी आणि बीटा-एचसीजी ही प्रथिनं रक्तात आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्यात मोजून निदान होतं, काही वेळा बायोप्सीशिवायही, आणि उपचार लागू पडतोय का हेही कळतं. पिट्यूटरीच्या प्रोलॅक्टिनोमात प्रोलॅक्टिन तसंच. या गाठी ते प्रथिन स्वतः बनवून बाहेर सोडतात म्हणून हे जमतं. ग्लिओमा तसं काही सोडत नाही.

आता शोधनिबंधांबद्दल. ‘अमुक प्रथिन जास्त असलेले रुग्ण लवकर दगावतात’ असं सांगणारे निबंध ढिगाने निघतात आणि त्यातली फारच थोडी प्रथिनं रोजच्या रिपोर्टपर्यंत पोचतात. कारण पद्धतीत आहे. समजा ६० रुग्णांच्या गाठीत एखादं प्रथिन मोजलं. ‘जास्त’ आणि ‘कमी’ यांच्यातली रेघ कुठे मारायची? बरेच जण सगळ्या जागी रेघ मारून बघतात आणि जिथे दोन गटांच्या जगण्याचे वक्र एकमेकांपासून सगळ्यात लांब पडतात ती निवडतात. मग पाच टक्क्यांवर ठेवलेली चुकीची शक्यता कित्येक पटींनी वाढलेली असते, आणि निबंधात मात्र पाचच टक्के लिहिलेलं असतं. १९९४ पासून संख्याशास्त्रज्ञ हे बजावत आलेत. २००५ मध्ये अशा अभ्यासांनी काय काय उघड करावं याची रिमार्क नावाची नियमावली आली. तरीही वय, ग्रेड, गाठ किती काढली, रुग्णाची हिंडण्याफिरण्याची क्षमता, आयडीएच हे सगळं हिशोबात धरल्यावर नवं प्रथिन काही भर घालतं का, एवढा साधा प्रश्न अर्ध्या निबंधांत विचारलेलाही नसतो असा माझा अनुभव आहे. आयडीएच न तपासता केलेल्या जुन्या अभ्यासांत तर कितीतरी ‘वाईट’ प्रथिनं ही फक्त आयडीएच बदल नसण्याची सावली होती.

मास स्पेक्ट्रोमेट्रीने हजारो प्रथिनं एकदम मोजणारं काम चांगलं आणि गंभीर आहे. २०२० मध्ये मुलांच्या सात प्रकारच्या २१८ गाठींचा आणि २०२१ मध्ये ९९ ग्लायोब्लास्टोमांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. जनुकाची प्रत किती बनते त्यावरून प्रथिन किती हे नेहमी कळत नाही, ते थेट मोजावं लागतं, हे त्यातून पुन्हा दिसलं. पण हजारो प्रथिनं आणि शंभर रुग्ण असा हा मामला आहे. दुसऱ्या ठिकाणच्या रुग्णांवर तेच निष्कर्ष टिकेपर्यंत ती माहिती संशोधकांसाठी, तुमच्या दादांसाठी नाही.

आणखी एक फरक डोक्यात ठेवा. काही मार्कर वाटचाल सांगतात, काही उपचार लागू पडेल का ते सांगतात. आयडीएच दोन्ही करतो, म्हणून तो एवढा मोठा. १पी/१९क्यू शाबूत असलेल्या ग्रेड ३ गाठींच्या कॅटनॉन चाचणीत साडेसातशे रुग्ण होते. किरणोपचारांनंतर टेमोझोलोमाइड दिल्याचा फायदा आयडीएच बदल असलेल्यांना झाला, नसलेल्यांत तो दिसला नाही. हे तुमच्या घरी वाचून दाखवा. दादांच्या रिपोर्टशी इतकी जुळणारी दुसरी माहिती मला सुचत नाही.


रसायनवर्ग :

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. बाबांना केआय-६७ चा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा.

दोन्ही रिपोर्ट पुन्हा तपासले. सीडीकेएन२ए/बी चा उल्लेख कुठेच नाही, एमटीएपीचाही नाही. डॉक्टर, ऑपरेशन होऊन काही आठवडे झालेत, ती तपासणी आता जुन्या ब्लॉकवर होईल का? आणि ती ‘डिलीशन आहे’ अशी आली तर उपचार बदलतात का, की फक्त नाव बदलतं? दुसरं, आयडीएचवरच्या गोळीबद्दल दादाने कुठेतरी वाचलंय, ती त्याला चालेल का?


काचपट्टी :

होईल. मेणातला ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो, काही आठवडे म्हणजे काहीच नाही.

डिलीशन निघालं तर ग्रेड ३ चा ग्रेड ४ होतो. किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड हा गाभा साधारण तोच राहतो, पण टेमोझोलोमाइड किरणांबरोबरही द्यायचं की नंतरच, एमआरआय किती जवळजवळ घ्यायचे, नव्या उपचारांच्या कुठल्या चाचणीत भाग घेता येईल, हे बदलू शकतं. अपेक्षाही बदलतात, आणि ते दादांना माहीत असायला हवं. त्यांनी सरळ प्रश्न विचारलाय, तर सरळ उत्तर द्या: पहिल्या ओळीवर बरंच ठरलंय आणि ते चांगल्या बाजूने, एक ओळ अजून यायची आहे, केआय-६७ वर काही ठरणार नाही. त्याशिवाय दोन गोष्टी कुठल्याच स्टेनमध्ये दिसत नाहीत आणि तरी वजनदार आहेत, त्यांचं वय आणि सर्जननी जवळजवळ सगळी गाठ काढली हे.

गोळी म्हणजे व्होरासिडेनिब. बदललेलं आयडीएच एन्झाइम ती अडवते, २-हायड्रॉक्सीग्लुटारेट कमी होतं. २०२३ च्या इंडिगो चाचणीत ३३१ रुग्ण होते; गाठ पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ गोळीवर २७.७ महिने, गोळीविना ११.१ महिने. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एफडीएची मान्यता मिळाली. पण ते सगळे ग्रेड २ चे रुग्ण, ऑपरेशनशिवाय दुसरा कुठलाही उपचार न घेतलेले. ग्रेड ३ मध्ये किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड बाजूला ठेवून ही गोळी घेण्याला आज आधार नाही. दादांना ती हवीशी वाटणं साहजिक आहे, ऑन्कोलॉजिस्टना जरूर विचारा, पण ठरलेले उपचार त्यासाठी लांबवू नका.

ब्लॉकबद्दल व्यवहाराचं सांगतो. एकापेक्षा जास्त ब्लॉक असतील तर गाठीच्या पेशी सगळ्यात जास्त आणि भाजलेला किंवा मेलेला भाग सगळ्यात कमी असलेला निवडायला सांगा. रिपोर्ट देणारे पॅथॉलॉजिस्टच ते करू शकतात. दर वेळी ब्लॉक मशीनवर चढवला की पातळी साधताना थोडा तुकडा छिलून जातो, आणि तुमचा ब्लॉक दोन लॅबमधून फिरलाय. म्हणून एमटीएपीचा स्टेन आणि लागलीच तर फिश, दोन्हींसाठीचे कोरे काप एकाच वेळी काढून ठेवायला सांगा. विनंतीपत्रावर बायोप्सी क्रमांकाबरोबर ब्लॉक क्रमांकही हवा, आणि ‘सीडीकेएन२ए/बी होमोझायगस डिलीशन तपासावं, सध्याचं निदान ॲस्ट्रोसायटोमा आयडीएच-म्यूटंट ग्रेड ३’ एवढं कारण लिहिलेलं हवं. एमटीएपीचा स्टेन सहसा काही दिवसांत होतो. आजच ब्लॉक मागवलात तर पुढच्या आठवड्याच्या भेटीपर्यंत तो निकाल हातात असू शकतो; फिशला त्याहून जास्त वेळ लागेल.